कसरीची भोकं

जुनी पत्रं बांधलेला रुमाल सोडला की आधी वास येतो. वेखंडाचा, जुन्या कापडाचा, आणि त्यांच्या खाली कुठेतरी पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा कोरडा. मग घडी उलगडताना टेबलावर बारीक वाळू सांडते. ओली शाई टिपायला कारकुनाने भुरभुरलेली ही वाळू. त्याने कागद झटकला, घडी घातली, आणि चार कण आत राहिले ते अडीचशे वर्षं राहिले. पहिल्या दिवशी मी ती फुंकर मारून उडवली आणि तिथेच पहिलं बोलणं खाल्लं.

"काका, फुंकर नाही. तोंडाची वाफ लागते कागदाला. ब्रश घ्या."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तेहेतीस वर्षं व्हाउचरं लावली. दिवसाची दिवसाला, खात्याची खात्याला, आणि संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत बायको म्हणाली, "माझ्या डब्यांना लेबलं लावणं बंद करा आणि कुठेतरी जा." मी मोडीच्या वर्गाला गेलो. वर्गात बाराखडी लवकर येते, छापील कित्ता वाचता येतो, आणि आपल्याला मोडी आली असं वाटायला लागतं. त्या भरात पुण्यातल्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. एका घराण्याने आपलं दप्तर नुकतंच तिथे दिलं होतं. घरातला पूर्वज कुणा सरदाराचा कारभारी, आणि पत्रं साधारण १७७० ते १८०० या काळातली. घराण्याचं नाव बाहेर सांगायचं नाही ही त्यांची अट, म्हणून इथेही लिहीत नाही.

तिथल्या अभिलेखपाल बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका. बँकेत मला कुणी काका म्हटलं नव्हतं. सुरुवातीला ते टोचायचं. पुढे जे घडलं त्यानंतर टोचायचं थांबलं, कारण तेवढाही मान उरेल की नाही अशी वेळ आली होती.

मला वाटलं होतं, पत्रं वाचायला मिळतील. मॅडमनी हातात दिला एक तक्ता. रुमाल क्रमांक, पुडकं क्रमांक, कागद क्रमांक. पत्रातली तारीख जशी लिहिली आहे तशी, आणि शेजारी इसवी सनातली. लिहिणार कोण, कोणास, कुठून. अस्सल, नक्कल की मसुदा. बंद, म्हणजे पानं, किती; एकाच बाजूला लिहिलेला पाठकोरा की दोन्ही बाजूंना लिहिलेला पाठपोट. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. शिक्का आहे का, कुठे आहे. कागदाची स्थिती. सारांश, दोन ओळी. शेरा.

"आणि पत्र?" मी विचारलं.

"पत्र आहेच की. ते कुठे पळून जाणार नाहीये. ज्याला ते हवंय त्याला सापडलं पाहिजे, एवढंच आपलं काम."

हाताळणीचे नियम एका दिवसात समजले. हात धुऊन कोरडे केलेले; हातमोजे नकोत, कारण मोजा घातला की कागदाची कड बोटाला कळत नाही आणि फाटते. टेबलावर पेन नाही, फक्त मऊ शिशाची पेन्सिल. काजळीची शाई पाणी लागलं की सुटते, म्हणून पाण्याची बाटलीही दाराबाहेर. कुणीतरी कधीतरी प्रेमाने लावलेला सेलोटेप दिसला तर ओढायचा नाही, शेऱ्यात लिहायचा. आणि एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा सांगितला: आधी क्रमांक, मग उघडणं. पुडकं जसं आहे तसा फोटो, वरून खाली प्रत्येक कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा, आणि मगच घडीला हात. मी मान डोलावली. बँकेत सर्क्युलर वाचून डोलावतात तशी.

मोडी वाचायला बसलो तेव्हा कळलं की वर्गात शिकलो ती मोडी वेगळी आणि ही वेगळी. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जाई. शब्द कुठे संपला ते तो सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची त्याला पर्वा नाही. विरामचिन्हं नाहीत. जे काही तोडायचं ते वाचणाऱ्याने तोडायचं, आणि चुकीच्या जागी तोडलं तरी पुष्कळदा अर्थ लागतो, ही खरी भानगड.

एका लहानशा चिठोऱ्यावर माझी चांगली शिकार झाली. त्याला मायना नव्हता, तारीख नव्हती. मधे तगाईची, म्हणजे रयतेला शेतीसाठी द्यायच्या उचलीची, ही ओळ होती: तगाईचेरुपयेदिल्हेनाहीतरयतउठोनजाईल. मी वाचलं, "तगाईचे रुपये दिल्हे. नाही तर यत उठोन जाईल." 'यत' म्हणजे काही नाही, तेव्हा कारकून 'रयत' लिहिताना 'र' खाऊन गेला असं मी ठरवलं आणि सारांशात लिहून टाकलं: तगाई पोचल्याबद्दल, अन्यथा रयत गाव सोडून गेली असती. 'असती' माझं. कागदावर 'जाईल' आहे हेसुद्धा मी गिळलं, कारण अर्थ लागला होता.

मॅडमनी ओळीवर बोट धरलं, कागदाला न टेकवता. "'नाही तर' वाचलंत म्हणून तुम्हाला 'र' कमी पडला. 'नाहीत' वाचा."

तगाईचे रुपये दिल्हे नाहीत. रयत उठोन जाईल.

अक्षर एकही कमी नव्हतं. कमी पडलं ते मला. कारकुनाने चूक केली असं वाटलं की आधी आपली चूक शोधायची, हा नियम मी तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

त्याच आठवड्यात दोन उभ्या रेघांनीही हिसका दाखवला. 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'रा॥' म्हणजे राजश्री. शब्द तोडून लिहिल्याची खूण म्हणून ॥. पण आकड्यापुढे तेच चिन्ह आलं की ते अर्धा. '१२॥' म्हणजे साडेबारा. एक उभी रेघ असली तर पाव, तीन असल्या तर पाऊण. हिशेबात कधी पै चुकू न देणारा मी, साडेबारा रुपयांना बारा रुपये लिहून बसलो. ही चूक कुणालाही सांगितली नव्हती. आज लिहितोय.

पण खरी खोदाई तारखेची. आपल्याला तारीख म्हणजे एक आकडा वाटतो. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर पानिपतचा दिवस लिहून दाखवला: १४ जानेवारी १७६१, बुधवार. तोच दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तोच हिजरी ११७४ मधला. फसली ११७०. राज्याभिषेक शक ८७. आणि पत्रांत ज्याने आपला सगळ्यात जास्त घाम निघतो तो शुहूर सन ११६१, जो आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार.

शुहूर सन मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणजे वर्ष सूर्याचं, शेतीला धरून. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, की इसवी सन आला. एवढ्यावर थांबलं असतं तर बँकेतल्या माणसाला काय अवघड? पण त्याच पत्रात तारीख आणि महिना मात्र चंद्राचा, मुसलमानी. 'छ' अक्षर काढून पुढे आकडा आणि रबिलावल, जिल्काद, मोहरम असं काहीतरी. म्हणजे महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचं. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी तोकडं, त्यामुळे एकाच शुहूर वर्षात तीच चंद्राची तारीख सुरुवातीला एकदा आणि शेवटाला पुन्हा एकदा येऊ शकते. मग वार दिला आहे का बघा, मजकुरात पाऊस आहे का बघा. शेजारी मोडकांची जंत्री, तारखा जुळवायचं पुस्तक, कायम उघडी. तिचं पुठ्ठ्याचं पाठपान माझ्या कोपराने गुळगुळीत झालं आहे.

एका पत्रात मी सन वाचला, 'तिसा सबैन मया व अलफ'. पाठ केलेला तक्ता डोक्यात होता. तिसा-तिसैन हे नऊ-नव्वद, सबा-सबैन हे सात-सत्तर. डावीकडून उजवीकडे आकडे लावायची सवय, नऊ मग सात, झाले सत्त्याण्णव. शुहूर ११९७, म्हणजे १७९६-९७. रुबाबात नोंद केली. सारांश लिहिला: इंग्रजांची फौज घाट चढून आल्याची, दादासाहेब त्यांच्यासोबत असल्याची बातमी.

मॅडमनी नोंद वाचली आणि म्हणाल्या, "काका, दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. ते १७८३ मध्ये वारले. तुमच्या नोंदीत तेरा वर्षांनी घाट चढतायत."

मी तक्त्याकडे बघत राहिलो.

"तुम्ही मराठीत सत्त्याण्णव म्हणता तेव्हा आधी काय म्हणता?"

"सत्त्या."

"म्हणजे सात. नव्वद मागून. एकाहत्तर, त्र्याऐंशी, सगळं तसंच. अरबीतही एकम आधी. तिसा नऊ, सबैन सत्तर. अकराशे एकोणऐंशी."

११७९, म्हणजे १७७८-७९. कंपनीची फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढली ती १७७८ च्या अखेरीस, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. शाळेत शिकलेली गोष्ट. पत्राने सगळं सरळ सांगितलं होतं. अठरा वर्षं मी घातली होती. मॅडमचा यावरचा उपाय असा की नोंदीत मूळ शब्द जसेच्या तसे उतरायचे आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात. माझं गणित चुकलं तरी पुढच्याला कारकुनाचे शब्द मिळतात. जे पत्रात नाही आणि आपण तर्काने घातलं, ते चौकटी कंसात. तर्क पातळ असेल तर आत प्रश्नचिन्ह. कंस म्हणजे कमीपणा असं मला सुरुवातीला वाटायचं. बँकेत कंसातला आकडा तोट्याचा असतो.

नावांचं प्रकरण थोडक्यात सांगतो, नाहीतर संपणार नाही. पत्राखाली आडनाव जवळजवळ नसतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं. बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस. हरी बल्लाळ म्हणजे हरिपंत फडके. सखाराम भगवंत म्हणजे सखारामबापू. माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण, दोघेही पेशवे, एक थोरले, एक सवाई. आणि मजकुरात हीच माणसं पुन्हा टोपणनावांनी फिरतात. पाटीलबावा म्हटलं की महादजी शिंदे. नोंदीत एक ठरलेलं नाव आणि बाकी सगळी नावं त्याच्याकडे बोट दाखवणारी, अशी वेगळी यादी ठेवावी लागते. केवायसीच हे. त्यात मी चांगला होतो, हे मॅडमही कबूल करतात.

सारांशावर मात्र आमचं अजूनही वाजतं. एका बाईंचं पत्र होतं, मुलगा मोहिमेवर, चार महिने खबर नाही. मी लिहिलं, 'पुत्राच्या काळजीने व्याकुळ मातेचे हृदयस्पर्शी पत्र.' मॅडमनी पेन्सिलीने ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मुलगा मोहिमेवर. चार महिने पत्र नाही. लष्करातून खबर आणवून पाठवावी अशी विनंती.' म्हणाल्या, विशेषण शोधायला कुणी सूचीत येत नाही, मोहीम शोधायला येतो. खरं आहे. तरी मला वाटतं, त्या पत्रात शेवटचं 'हे विनंती' वेगळ्या, थरथरत्या हाताचं आहे, कारकुनाचं नाही. ते मी शेऱ्यात घातलं: 'अखेरची दोन अक्षरे भिन्न हस्ताक्षरात.' 'अक्षरे' नव्हे 'शब्द' लिहा, एवढीच दुरुस्ती त्यांनी केली. म्हणजे ते राहिलं.

आता माझा पराक्रम.

तिसऱ्या महिन्यात पाच नंबरचं पुडकं आलं. ६३ कागद. मॅडम चार दिवस रजेवर होत्या. मी सुतळी सोडली, आणि आतला गोंधळ बघून अंगावर काटा आला. १७८२ चं पत्र, त्याखाली १७८१ चं, मग बिनतारखेचं चिठोरं, मग पुन्हा १७८२. तेहेतीस वर्षांची सवय हातात उतरली. फोटो राहिला. क्रमांक राहिले. मी प्रत्येक कागद उघडला, तारीख काढली, पाटीवर पत्त्यांसारखा लावला. ४४ कागद तारखेवार. १९ बिनतारखी, ते शेवटी वेगळे, वर चिठ्ठी. दर वर्षाच्या आधी पांढऱ्या कागदाची पट्टी. दोन दिवस लागले. इतकं देखणं काम मी ब्रँच मॅनेजर असतानाही केलं नव्हतं.

मॅडम आल्या, पट्ट्या बघितल्या, आणि बसल्या. काहीच बोलल्या नाहीत, हे वाईट होतं.

मग म्हणाल्या, "हे आधी कुठल्या क्रमाने होते?"

"कसल्याच नव्हते. सगळं उलटसुलट."

त्यांनी एक पत्र उचललं, पाठ वर केली. कोपऱ्यात बारीक अक्षरात दुसरी एक तारीख होती. ती मी बघितली होती आणि सोडून दिली होती. पैवस्ती. पत्र पोचल्याची नोंद. मग शेजारचं उचललं, मग त्याच्या शेजारचं.

"दिल्लीहून पत्र घेऊन जासूद महिन्याने आला असेल, साताऱ्याहून चार दिवसांनी. कारभाऱ्याचा कारकून पत्र लिहिल्याच्या तारखेने कशाला लावेल? आलं तसं लावलं त्याने. तुम्हाला जो गोंधळ वाटला तो त्याचा आवक रजिस्टर होता, काका."

आवक रजिस्टर. माझ्याच भाषेत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा मला उमगलं की गेलं काय. कारभाऱ्याने अमुक पत्राचं उत्तर लिहिलं तेव्हा त्याच्या हातात कुठली बातमी होती आणि कुठली अजून वाटेतच होती, हे त्या क्रमात होतं. आम्ही वाढलो छापील पत्रांवर. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग काढले. त्यांच्याशिवाय मी इथे आलोच नसतो. पण छापील पत्राला शेजार नसतो, आणि असला तर तो संपादकाने दिलेला असतो. रुमालातल्या पत्राला शेजार असतो. मी ६३ कागदांची घरं दोन दिवसांत बदलली होती.

पैवस्ती सगळ्यांवर असती तर प्रश्न अर्ध्या तासाचा होता. होती २६ कागदांवर. उरलेले ३७ कुठे बसवायचे?

मॅडमनी खिडकीजवळचं मोठं टेबल रिकामं केलं. म्हणाल्या, "प्रत्येक कागद परत मूळ घडीत घाला. नवीन घडी नाही, त्याचीच." पत्रं पूर्वी उभ्या अरुंद घडीत, पट्टीसारखी ठेवलेली असत. घड्या घातल्यावर ६३ पट्ट्या टेबलावर, आणि तेव्हा मला जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं.

पुडक्यात कधीतरी खालून पाणी शिरलं होतं. काही पट्ट्यांच्या एका टोकाला चहासारखा डाग होता, कडेला गडद किनार. एकीवर तळहाताएवढा, दुसरीवर तीन बोटं, तिसरीवर नखाएवढा. पाणी खालून वर चढताना आटत गेलं. डाग मोठ्याकडून लहानाकडे लावले की तळाचे अकरा कागद आपोआप रांगेत आले. त्यात पैवस्ती असलेले आठ होते, आणि त्यांच्या तारखा त्या रांगेशी जुळल्या. मी टेबलावर हात आपटणार होतो. टेबलावर हात आपटायचा नसतो.

वरच्या कागदांना पाणी लागलं नव्हतं. त्यांना कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली होती. कसर एका कागदात शिरते आणि सरळ खाली जात नाही, तिरकी उतरते. प्रत्येक पट्टीत भोक थोडं सरकलेलं. मॅडमनी बटर पेपरच्या पट्ट्या कापून दिल्या. एकेक पत्र त्याखाली ठेवून, न दाबता, मी भोकांची वर्तुळं पेन्सिलीने उतरवली. मग त्या पारदर्शक पट्ट्या एकमेकींवर सरकवत बसायचं. उजव्या कडेपासून दोन सेंटिमीटरवरचं भोक, मग दोन आणि एक दोरा, मग सव्वादोन. कुठे भोक फुटून दोन झालेली, पुढे तीन कागदांनी एक फाटा संपलेला. आम्ही त्यांना भुयारं म्हणायला लागलो. तीन भुयारं होती. पहिलं सगळ्यात वरच्या कागदातून शिरलेलं, बावीस कागद खाली गेलेलं. आठवड्यातून तीन दिवस, असे पाच आठवडे. घरी जेवताना ताटातल्या जाळीदार घावनाकडे बघत बसलो होतो, तेव्हा बायकोने विचारलं, काय शोधताय.

चौथ्या आठवड्यात दुसऱ्या भुयारात एक तुटकी जागा राहिली. ४१ व्या कागदात भोक कडेपासून तीन सेंटिमीटरवर, ४३ व्यात ते जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पुढे. मधे एक कागद हवा होता. बिनतारखींच्या ढिगातली प्रत्येक पट्टी मी त्या फटीत लावून बघितली. बसलं ते एक लहान चिठोरं. अरुंद, पाठकोरं, मायना नाही, तारीख नाही. भोक बरोबर मधोमध.

उलगडलं. तगाईचेरुपयेदिल्हेनाहीतरयतउठोनजाईल.

ते इथलंच आहे हे मी विसरूनही गेलो होतो. वाचून झाल्यावर ढिगात टाकलं होतं. ४१ नंबरचं पत्र काढलं. एका महालाचा, म्हणजे तालुक्यासारख्या भागाचा, वसूल बघणाऱ्या कमाविसदाराचं, कारभाऱ्याला. मायना लांबलचक, 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जाणे', देवाचा अंगारा पाठवला आहे तो स्वीकारावा, बहुत काय लिहिणे. नोंदीत मी सारांश केला होता 'क्षेमकुशल, विशेष मजकूर नाही'. दोन्ही कागद शेजारी ठेवले. बोरूचं टोक तेच, 'ह' ची शेपटी तशीच डावीकडे वळलेली, कागदाची जाळी तीच. चिठोरं म्हणजे त्या पत्राची पुरवणी होती. वरच्या पत्रात अंगारा, आत घडीत गुंडाळून खरी गोष्ट. पैसे आले नाहीत, गाव उठायला आलंय. पुरवणीला तारीख लागत नव्हती, कारण ती पत्राच्या पोटात होती. पत्राच्या पाठीवर पैवस्ती होती, म्हणजे ही बातमी कारभाऱ्याला कुठल्या दिवशी कळली तेही आता सांगता येत होतं.

मी ४१ चा 'विशेष मजकूर नाही' खोडला. मॅडम मागे उभ्या होत्या. "दोन वेगळ्या नोंदी करा," म्हणाल्या. "एकत्र करू नका. दोन कागद आहेत, दोन नोंदी. फक्त एकमेकींकडे बोट दाखवू द्या."

"इतकं जुळलंय तरी?"

"जुळवलंय आपण. कंसात टाका."

५४ कागदांच्या जागा ठरल्या. नऊ राहिले, ना डाग, ना भोक, ना पैवस्ती. ते कुठेही बसले असते, म्हणून कुठेच बसवले नाहीत. ५५ ते ६३ असे क्रमांक देऊन वेगळ्या वेष्टणात, पुडक्याच्या शेवटी.

मला वाटलं प्रकरण संपलं. मॅडमनी पुडक्याच्या मुख्य नोंदीचं पान पुढे सरकवलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे लिहावं लागेल."

मी म्हटलं, क्रम लागलाय की परत. "लावलाय," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांनी कुणी या क्रमावर प्रबंध लिहील. त्याला कळायला नको, हा क्रम कारकुनाचा किती आणि आपला किती?"

मी लिहिलं: 'सूची करताना मूळ क्रम बदलला गेला.'

त्यांनी वाचलं. "कर्मणी प्रयोगात लपू नका, काका."

मी खोडलं. पुन्हा लिहिलं. आता ते पान तिथे आहे, रुमालात, पुडक्याच्या वर:

'सूचीकाराने कागदांना क्रमांक देण्यापूर्वी पुडके उघडून तारखेनुसार लावले. त्यामुळे मूळ क्रम मोडला. पैवस्तीच्या नोंदी, पाण्याचा डाग व कसरीची भोके यांवरून क्र. १ ते ५४ यांचा क्रम पुन्हा लावला आहे. क्र. ४२ ही क्र. ४१ ची पुरवणी [हस्ताक्षर, कागद व भोके यांवरून]. क्र. ५५ ते ६३ यांची मूळ जागा अनिश्चित.'

खाली माझी आद्याक्षरं, आणि तारीख. इसवी सनातली.